कडब्यावरची लस

"खातोय, पाणी पितोय, बसतोय बी. पर रवंथ करीना झालाय," बिरूअण्णा खरात म्हणाले. "आन् करतोय तवा नीट करीना. आदी एका घासाला पन्नास-पंचावन्न डाव चावायचा. आता इसातच गिळतोय. मी मोजलंय."

डॉ. शिवलीला बिराजदारनं वळूच्या डाव्या कुशीत मूठ दाबून धरली आणि घड्याळाकडं बघितलं. सकाळचे साडेआठ वाजले होते, पण एप्रिलातल्या उन्हानं गोठ्याचा पत्रा आत्ताच तापला होता. सोन्या नावाचा हा खिलार वळू जत तालुक्याच्या पूर्व भागात नावाजलेला होता. अण्णांच्या बोरखडी गावातलेच काय, कर्नाटकाच्या हद्दीतले लोकही आपल्या गाई त्याच्याकडं आणत. निरोगी जनावराचं कोठीपोट दोन मिनिटांत तीन-चार वेळा घुसळतं आणि ते मुठीला कळतं. सोन्याचं एकदाच घुसळलं, तेही दमल्यासारखं.

"वैरण काय घालताय अण्णा?"

"एप्रिलात हितं कडब्याबिगर काय आसतंय बाई?"

दावणीच्या बाकीच्या आठ जनावरांच्या कुशीही तिनं तपासल्या. पाचांचं तसंच होतं. नऊच्या नऊ जनावरांच्या कानांत निळे बिल्ले होते. जानेवारीत लस टोचल्यावर ते तिनंच लावले होते.

अण्णा बिल्ल्यांकडं बघत नव्हते. ते तिच्याकडं बघत होते. "सुईनं तर न्हाई न्हवं?"

"बघते अण्णा. आत्ताच काही सांगता येणार नाही."

त्या लशीची हकिगत अशी. गाईच्या पोटातला पहिला आणि सगळ्यांत मोठा कप्पा म्हणजे कोठीपोट. गिळलेला चारा तिथं कोट्यवधी सूक्ष्मजीव फोडतात आणि त्या कामात हायड्रोजन वायू सुटतो. हा हायड्रोजन खाऊन मिथेन बनवणारं सूक्ष्मजीवांचं एक वेगळं कूळ तिथंच नांदत असतं. तो मिथेन जनावर ढेकरेवाटे बाहेर टाकतं. एका गाईचा वर्षाला पन्नास ते शंभर किलो होतो, आणि जगात दीडशे कोटी गुरं. मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता धरून ठेवतो, पण हवेत टिकतो जेमतेम दहा-बारा वर्षं. कार्बन डायऑक्साइड आज कमी केला तर त्याचं फळ नातवंडांना मिळणार. मिथेन कमी केला तर ते आपल्याच हयातीत दिसतं.

न्यूझीलंडमधल्या शास्त्रज्ञांनी या मिथेनवाल्या कुळाविरुद्ध लस तयार केली. ती टोचली की जनावराच्या लाळेत प्रतिपिंडं तयार होत, आणि गाय दिवसाला शंभर लिटर लाळ गिळत असल्यामुळं ती आपोआप पोटात पोचत. मिथेन चाळीस टक्क्यांनी घटे. पण एकट्यादुकट्या देशानं टोचून काय होणार? हवेला सरहद्द नसते. म्हणून सात वर्षांच्या वाटाघाटींनंतर एकसष्ट देशांनी माँटेव्हिडिओ शहरात करार केला. सगळ्यांनी एकदम टोचायचं, आणि गावपातळीवरच्या प्रत्येक पशुवैद्यानं आपली निरीक्षणं एकाच सामाईक नोंदवहीत लिहायची. ती वही एकसष्ट देशांतल्या कुणालाही वाचता येई. करारानंतर चौथ्या वर्षी, २०४१ च्या सुरुवातीला, हवेतल्या मिथेनचा आलेख वर चढायचा थांबला. वर्तमानपत्रांनी त्या दिवशी तो पहिल्या पानावर छापला होता. जतसारख्या कोरड्या भागांत मात्र लस पोचली ती याच जानेवारीत.

करारात चौदावं कलम होतं. लशीनं गुरांना अपाय होतोय असं वाटलं तर कोणताही पशुवैद्य, आपल्या सरकारला न विचारता, वहीत 'थांबा' अशी नोंद करू शकत होता. किमान दोन देशांतून मिळून अशा तीन नोंदी झाल्या की जगभरची टोचणी आपोआप बंद. गरीब देशांना या कलमाशिवाय विश्वास वाटला नसता. ते कलम लिहिणारे आणि त्यासाठी भांडणारे भारताचे शास्त्रीय प्रतिनिधी होते डॉ. प्रभाकर मोघे. शिवलीला त्यांची विद्यार्थिनी.

पुढच्या दहा दिवसांत तिनं सोळा गावं पालथी घातली. प्रत्येक जनावराची कूस तपासायची, नळीनं पोटातला रस काढायचा, नाकापुढं श्वासमापक धरायचा. जिथं जिथं रवंथ मंदावला होता, तिथं तिथं श्वासमापकानं एकच गोष्ट दाखवली. मिथेन कमी होता, ठरल्याप्रमाणं. पण हायड्रोजन नको तितका वाढला होता.

आपल्या बाजेवर बसून कागदावर आकडे मांडताना तिला ते हळूहळू उमगलं. मिथेनवालं कूळ त्रासदायक खरं, पण ते हायड्रोजन उचलण्याचं काम करत होतं. जात्याभोवतीचं पीठ कुणी भरलंच नाही तर जातं जड व्हायला लागतं, तसं इथं झालं होतं. हायड्रोजन साचला की तंतू फोडणारे सूक्ष्मजीव संथ होतात. हिरव्या चाऱ्यावर, पेंडीवर असलेल्या गुरांच्या पोटात त्या हायड्रोजनला दुसऱ्या वाटा मिळतात. नुसत्या वाळल्या कडब्यावर मिळत नाहीत. लशीच्या सगळ्या चाचण्या हिरव्या कुरणांच्या देशांत झाल्या होत्या. कुणी लबाडी केली नव्हती. तीन-तीन महिने वाळक्या धाटांवर जगणारं जनावर कुणाच्या डोळ्यांपुढं नव्हतं, एवढंच.

तिनं मोघे सरांना मुंबईला फोन लावला.

"किती जनावरं तपासलीस?" सरांनी विचारलं.

"दोनशे बारा. कालव्याच्या पट्ट्यातली पंचाहत्तर हिरव्यावर आहेत, ती ठणठणीत. कडब्यावरची एकशे सदतीस. त्यांतल्या त्र्याण्णवांचा रवंथ मंदावलाय."

"दगावलं किती?"

"अजून एकही नाही. पण वाळत चाललीत सर. बरगड्या मोजता येतात."

सरांनी आकडे लिहून घेतले. मग म्हणाले, "जूनमध्ये हिरवं उगवेल. तुझी त्र्याण्णवच्या त्र्याण्णव सुधारतील. तोवर जमेल तशी पेंड द्यायला सांग. सप्टेंबरात माँटेव्हिडिओला बैठक आहे, शिवलीला. दोन मोठे देश बाहेर पडायला निमित्त शोधतायत. ते आपण त्यांच्या हातात आणून द्यायचं?"

"सर, चौदावं कलम तुम्हीच लिहिलंय."

"लिहिलं तेव्हा वाटलं होतं, ते कधी वापरावं लागणार नाही." सरांचा आवाज खाली आला. "एकदा टोचणी थांबली की पुन्हा सुरू व्हायला वर्ष जातं. दोन वर्षंही जातील. तेवढ्यात आलेख कुठं जाईल, हे तुला मी सांगायला नको. मी तुला खोटं लिही म्हणत नाही. दोन महिने गप्प बस म्हणतोय."

सरांना नाही म्हणणं तिला सोपं नव्हतं. दुसऱ्या वर्षाला तिला कावीळ झाली तेव्हा वसतिगृहातून उचलून सरांनी तिला घरी नेलं होतं. सरांच्या पत्नी सुधाकाकूंनी महिनाभर तिचं पथ्यपाणी केलं होतं. आपल्या गावाकडं नोकरी घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं, फक्त सर म्हणाले होते, "जा. तिथं तुझी गरज आहे."

"बघते सर," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, अण्णांनाही आपण हेच म्हणालो होतो.

ती गप्प बसली. मात्र वही वाचायला लागली. दुपारच्या वेळी दवाखान्यात कुणी येत नसे. त्या वेळात ती जगाच्या नकाशावरचे कोरडे प्रदेश एकेक करून उघडून बघायची. 'थांबा' अशी नोंद कुठंच नव्हती. पण शेऱ्यांच्या रकान्यात, जिथं सहसा कुणी काही लिहीत नाही, तिथं केनियातल्या काजियाडो जिल्ह्यातून एक ओळ होती. 'उन्हाळी चराईवर रवंथ कमी. कारण माहीत नाही.' खाली नाव होतं, डॉ. नासेरिअन लेमायन.

दुसऱ्या दिवशी दोघी पडद्यावर समोरासमोर आल्या. नासेरिअन पन्नाशीची, मसाई समाजातली, हसरी बाई होती. दोघींचं इंग्रजी आपापल्या वळणाचं, पण गुरांच्या बाबतीत कुठंच अडलं नाही.

"तुमच्या वरच्यांनी काय सांगितलं?" शिवलीलानं विचारलं.

"पावसाची वाट बघ म्हणाले. तुझ्या?"

"तेच."

नासेरिअन खळखळून हसली, आणि मग एकदम थांबली. "आमचा पाऊस गेली दोन वर्षं आलाच नव्हता. यंदा येईल असं त्यांना कुणी सांगितलं?"

त्यानंतर रोज दुपारी त्या बोलत. आकडे पडताळून बघत. एक गोष्ट नासेरिअनला उलगडत नव्हती. तिच्या भागातले तीन कळप त्याच वाळक्या गवतावर होते, त्यांनाही लस टोचलेली होती, आणि तरी ते धडधाकट होते. एका दुपारी ती म्हणाली, "या तिन्ही कळपांच्या वाटेवर वारुळं आहेत. गुरं उभी राहून ती माती चाटतात. मिठासाठी चाटत असतील."

शिवलीलाचा हात लिहिता लिहिता थांबला. "वारुळं कसली? वाळवीची?"

"वाळवीचीच."

वाळवीही लाकडातला तंतूच पचवते. तिच्या पोटातही हायड्रोजन सुटतो. आणि तिथं तो उचलणारे जिवाणू निराळे असतात. ते त्याचं मिथेन करत नाहीत. कार्बन डायऑक्साइडशी त्याची सांगड घालून ॲसिटिक आम्ल बनवतात, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. गाईला ते अन्न म्हणून लागू पडतं. कॉलेजात कधीतरी दोन ओळींत वाचलेलं तिला आठवलं. हा नुसता तर्क होता. पण नासेरिअननं त्या दुपारीच तीन पिशव्या माती नैरोबीच्या प्रयोगशाळेला पाठवली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सोन्या गेला.

शिवलीला पोचली तेव्हा त्याला झाकायला कुणीतरी वाकळ टाकली होती. अण्णा दावणीजवळ उकिडवे बसले होते. पेंड मिळेल तेवढी त्यांनी घातली होती, आठ दिवसांपूर्वी तर स्वतःच्या हातानं भाकरी कुस्करून चारली होती, हे शेजारी सांगत होते. ती जवळ जाऊन बसली.

"अण्णा..."

"तुला ठावं हुतं का?" अण्णांनी विचारलं. आजवर ते तिला अहो-जाहो करत आले होते.

तिला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली. "महिन्याभरापासून."

"कुणाला सांगितलंस?"

अण्णा उठले. "सुई तुझ्या हातानं टोचलीस. मी मान धरली हुती त्येची. तू म्हनलीस, अण्णा, धरा, म्हनून धरली. जा आता. परत दावणीला येऊ नगंस."

दोन दिवसांत बातमी गावोगाव झाली. तिची गाडी दिसली की गोठ्याची कवाडं लागू लागली. एका वस्तीवर बाईनं वासराला चक्क घरात नेऊन कडी घातली.

शुक्रवारी सकाळी तिनं मोघे सरांना फोन केला. "सर, मी आज नोंद करतेय. मागाहून कळण्यापेक्षा तुम्हांला आधी सांगावंसं वाटलं."

"मग मला विचारू नकोस," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

तिनं नोंद साधी लिहिली. किती जनावरं, कोणता चारा, किती हायड्रोजन. शेवटी तिनं दोन वाक्यं घातली, जी लिहायची काही सक्ती नव्हती. 'हे मला एप्रिलमध्ये कळलं होतं. मी गप्प राहिले, त्या काळात माझ्या भागातली चार जनावरं दगावली.' दहा वाजून पाच मिनिटांनी तिनं बटण दाबलं. एक नोंद झाली.

वीस मिनिटांनी काजियाडोची नोंद उमटली. दोन झाल्या.

तिसरी कुठून येणार, हे दोघींनाही माहीत नव्हतं. कदाचित येणारच नाही. शिवलीलानं दवाखान्याचा दरवाजा लोटला आणि पाण्याचा तांब्या घेऊन पडद्यापुढं बसून राहिली. पाऊण तासानं ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या पट्ट्यातून, तिनं कधी नाव न ऐकलेल्या एका डॉक्टरची नोंद आली. तिथं मध्यरात्र उलटून गेली असणार. त्यानं लिहिलं होतं, 'मार्चपासून माझ्याकडं हेच आहे. पहिलं व्हायची हिंमत झाली नाही.' आणि मग बांध फुटावा तसं झालं. संध्याकाळपर्यंत नऊ देशांतून एकोणीस नोंदी झाल्या होत्या. एकसष्ट देशांतली टोचणी थांबली.

पुढचे महिने सुखाचे गेले नाहीत. एका वाहिनीनं तिला 'गोमातेची वाली' ठरवलं, दुसरीनं परदेशी हस्तक. खात्यानं तिला जतच्या दवाखान्यातून काढून जिल्ह्याच्या ठिकाणी एका टेबलावर बसवलं. काम काय, तर जुन्या फायलींचे आकडे संगणकात भरायचे. सरांचा फोन नाही, मेसेज नाही. जून-जुलैत हिरवं उगवलं आणि सर म्हणाले होते तसं तिच्या तालुक्यातली बहुतेक गुरं खरोखरच सुधारली. ते कळलं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि आपण उगाच केलं का, अशी शंकाही येऊन गेली. केनियात मात्र यंदाही पाऊस आला नाही.

नैरोबीच्या प्रयोगशाळेला त्या मातीत वाळवीच्या पोटातलेच जिवाणू सापडले, पाच जातींचे. त्यांतल्या दोन जाती गाईच्या पोटात तग धरत होत्या. नासेरिअननं ही बातमी सांगायला फोन केला तेव्हा तिच्या मागं अख्खा कळप हंबरत होता आणि दोघींना एकमेकींचं निम्मं ऐकूच आलं नाही. हे जिवाणू वाढवायचं काम उरुग्वेनं अंगावर घेतलं, त्यांची भुकटी करायचं पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेनं.

सप्टेंबरातली बैठक तिनं कार्यालयातल्या टेबलावर, फायलींच्या ढिगाआडून बघितली. एका मोठ्या देशाच्या प्रतिनिधीनं उठून सांगितलं, की सदोष करारात आम्ही राहणार नाही. तो सभागृहातून निघून गेला. मग मोघे सर बोलायला उभे राहिले. वर्षभरात ते म्हातारे दिसायला लागले होते.

"या नोंदी करू नका असं सांगणाऱ्यांत मी होतो," ते म्हणाले. "माझ्या विद्यार्थिनीला मी दोन महिने थांबायला सांगितलं. तिनं ऐकलं, आणि चार जनावरं गेली. मग तिनं ऐकायचं सोडलं. चौदावं कलम मी लिहिलं, पण त्याच्यावर माझा भरवसा नव्हता, तिचा होता. इथं बसलेल्यांपैकी कितीजणांनी आपापल्या माणसांना गप्प बसायला सांगितलं होतं? हात वर करायला मी लावत नाही."

कुणी हात वर केला नाही.

दुपारच्या सत्रात जे घडलं ते कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडचे चार देश, जे गुराख्यांचे देश म्हणून ओळखले जातात आणि पहिल्यापासून करारापासून दूर राहिले होते, त्यांनी सामील व्हायचं पत्र दिलं. त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या बाईंनी कारण एका वाक्यात सांगितलं. "आम्हांला बघायचं होतं, की गरिबाच्या गाईसाठी हे यंत्र थांबतं का." एक देश गेला, चार आले. दुसरा मोठा देश, निघायच्या बेतात असलेला, जागेवर बसून राहिला. मिथेनचा आलेख मात्र त्या वर्षी पुन्हा थोडा वर गेला, आणि ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

आठवड्यानं शिवलीलाला मेसेज आला. 'सुधा विचारते आहे, दिवाळीला येतेस का. मीही विचारतो आहे.' तिनं तो तीनदा वाचला आणि लगेच उत्तर दिलं, 'येते.'

नवी लस, सोबत चारायच्या भुकटीसकट, तयार झाली, पण ती नुसत्या कडब्यावरच्या जनावरांवर तपासल्याशिवाय पुढं जाणार नव्हती. चाचणीसाठी जत तालुका निवडला गेला, आणि खात्यानं तिला मुकाट्यानं परत पाठवलं. पुढच्या मार्चमध्ये तिनं पुन्हा गावं गाठली. या वेळी तिनं गाडी वस्तीबाहेर लावायची, चालत जायचं, आणि गेल्या वर्षी काय झालं ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असा नेम केला. काहींनी ऐकलं. काहींनी कवाड उघडलं नाही. छत्तीस जनावरं मिळाली. चाळीस लागत होती.

बोरखडीला ती सगळ्यांत शेवटी गेली. अण्णांनी तिला लांबूनच ओळखलं, पण हटकलं नाही. दावणीला सोन्याची दोन वर्षांची कालवड बांधली होती, बापासारखीच उंच, पांढरीशुभ्र. शिवलीला गोठ्याच्या बाहेरच उभी राहिली आणि तिथूनच सगळं बोलली. वारुळाची माती, केनियातली बाई, भुकटी, चाचणी. अपाय होणार नाही अशी खात्री मी देऊ शकत नाही, हेही तिनं सांगितलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "वारुळाची माती व्हय," ते म्हणाले. "म्हंजी ती आफ्रिकेतली बाई बी गुरंच राखती?"

"तिच्या घरची दोनशे आहेत."

"तिची किती मेली?"

"एकतीस."

अण्णांनी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. "एक सांग मला. ह्या डावाला इपरीत काय झालं, तर कुणाला सांगशील?"

"आधी तुम्हांला," ती म्हणाली. "त्याच दिवशी. आणि मग सगळ्या जगाला."

अण्णांनी तिच्याकडं नीट बघितलं. मग ते वाकले, कालवडीची वेसण एका हातात धरली, दुसरा हात तिच्या मानेभोवती टाकला आणि म्हणाले, "ये आत. मी धरतो."